‘युअर नेम’ला वॉलपेपर म्हणणाऱ्यांसाठी

शेवंती:
काल इथे एका सदस्यानं लिहिलं की दिग्दर्शक माकोतो शिनकाईचा ‘युअर नेम’ हा जपानी अॅनिमेशनपट म्हणजे पावणेदोन तासांचा हलणारा वॉलपेपर आहे. ढग सुंदर, रेल्वे सुंदर, रॅडविम्प्स बँडची गाणी सुंदर, पण ती दोघं प्रेमात का पडतात याचा पत्ता नाही. हे ज्यांना आवडतं ते कोवळ्या वयाचे, असंही वर. मी काही कोवळ्या वयाची नाही आणि मला हा चित्रपट मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढे वाचू नका, सगळं फुटणार आहे.

तोक्योचा ताकी आणि डोंगरातल्या इतोमोरीची मित्सुहा झोपेत एकमेकांच्या शरीरात जातात, एवढंच लक्षात राहिलं असेल तर तुम्ही अर्धाच चित्रपट पाहिलात. अदलाबदल अचानक थांबते. ताकी आठवणीतून गावाची चित्रं काढतो आणि ती घेऊन हिदा या डोंगराळ भागात शोधत फिरतो. कोणालाच ते गाव ओळखता येत नाही. शेवटी रामेनच्या दुकानात चित्रावर नजर पडते आणि मालकीण सहज म्हणते, हे तर इतोमोरी. तिचा नवराच तिथला. आणि ते गाव तीन वर्षांपूर्वी धूमकेतूचा तुकडा पडून नाहीसं झालेलं. ताकी पुरावा म्हणून फोन उघडतो, तर मित्सुहानं लिहिलेल्या नोंदी त्याच्या डोळ्यांदेखत एकेक करून पुसल्या जातात. मग वाचनालयात मृतांची यादी, आणि त्या यादीत तिचं नाव.

इथून पुढे ‘मुलगी भेटेल का’ हा प्रश्नच उरत नाही. गेलेल्या माणसांपर्यंत वेळेत पोचता आलं असतं तर, हा प्रश्न उरतो. 2011 च्या त्सुनामीनंतर काही महिन्यांनी शिनकाई मियागी प्रांतातल्या युरियागे या त्सुनामीग्रस्त ठिकाणी गेला होता. हे माझं गाव असतं तर, हा विचार तिथे मनात आला आणि त्यातून हा चित्रपट निघाला, असं त्यानंच सांगितलंय. ऑगस्ट 2016 मध्ये थिएटरात बसलेल्या जपानी प्रेक्षकाला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हेमाडपंती:
वॉलपेपर मीच म्हणालो होतो आणि अजूनही म्हणतो.

एक, तारखा. दोघांकडे स्मार्टफोन, दोघं रोज नोंदी लिहितात. तीन वर्षांचा फरक आहे, म्हणजे वारसुद्धा जुळत नाहीत. एकालाही कॅलेंडर दिसलं नाही? दोन, प्रेम. ते कधी जमलं? एका गाण्यात. कॉफी, केक, पार्ट-टाइम नोकरी, एकमेकांवर ओरडणं, गाणं संपलं, प्रेम झालं. आमच्याकडे सिनेमात झाडाभोवती नाचले की आपण नावं ठेवतो. जपानी असलं की त्याला काव्य म्हणायचं का? दिग्दर्शकाच्या मुलाखतीतला हेतू मला नको, पडद्यावर काय आहे ते सांगा.

टिकली:
आधी एक सांगा, तुम्ही पाहिलात कुठल्या भाषेत? हा माझा जुना राग आहे. लोक इंग्रजी डब लावतात आणि मग म्हणतात भावना पोचल्या नाहीत. ताकीला आवाज देणारा र्युनोसुके कामिकी आणि मित्सुहाला आवाज देणारी मोने कामिशिराइशी, दोघांनीही आपल्याच आवाजात दुसऱ्याचं पात्र वठवलंय. ताकीच्या शरीरात मित्सुहा बोलते तेव्हा आवाज मुलाचा, पण श्वास घेणं, अडखळणं सगळं तिचं. निम्मं प्रेम तिथेच आहे. डबमध्ये त्यातलं निम्मं वाहून जातं.

हेमाडपंती:
जपानीतच पाहिला, सबटायटल लावून. अभिनय चांगला आहे, मान्य. पण आवाज चांगला म्हणून पटकथा चांगली होत नाही.

निशीकासाईकर:
मी गेली कित्येक वर्षं तोक्योत आहे, 2011 मध्येही इथेच होते. शेवंतीताई, तुमचं म्हणणं अर्धं पटतं. उरलेलं अर्धं इथल्या बऱ्याच लोकांना पटलं नव्हतं. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई मियागीची. सगळं ऑफिस चित्रपटाचं कौतुक करत होतं तेव्हा ती गप्प होती. नंतर मला एकटीला म्हणाली, माझ्या आईला उठवायला कोणी आलं नाही, मग मी हे गोड मानून का घ्यायचं? शेवटी माणसं वाचवून आपत्ती झालीच नाही असं करून टाकलं, ही टीका शिनकाईवर झाली आणि ती त्याला लागली, हे तोच बोललाय. म्हणून 2022 च्या ‘सुझुमे’मध्ये तो थेट 2011 वर आला, आणि तिथे गेलेली आई परत येत नाही. माझ्या मते ‘सुझुमे’ जास्त प्रामाणिक आहे.

घाटावरचा:
मी सहसा लिहीत नाही. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, माळीणपासून फार लांब नाही. 30 जुलै 2014 ला सकाळी एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. 151 माणसं गेली. त्यात आमच्या आत्याच्या नात्यातली होती. आजही पावसाचा जोर वाढला की माझी आई रात्री उठून दारातून डोंगराकडं टॉर्च मारते.

पोरगी लावून बसली होती म्हणून हा चित्रपट पाहिला. गाव वाचवायला मित्सुहाचा मित्र टेशिगावारा विजेचं सबस्टेशन उडवतो, मैत्रीण सायाका शाळेच्या माईकवरनं गाव रिकामं करा म्हणून सांगते. उत्सव चालू आहे, लोक एकमेकांची तोंडं बघतात आणि जागचे हलत नाहीत. मित्सुहाचा बापच तिथला महापौर, अन् त्याला वाटतं पोरीचं डोकं फिरलंय. तिथं मी उठून अंगणात गेलो. प्रेमबिम मला ठाऊक नाही. ओरडून सांगितलं तरी गाव ऐकत नाही, हे ज्यानं दाखवलं त्याला गाव कळतं.

हेमाडपंती:
तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे. पण हे बरोबर नाही. चित्रपटावर बोलत होतो, त्यात माळीण आलं. आता मी काहीही बोललो तरी निर्दयी ठरणार. खऱ्या मेलेल्या माणसांच्या आडोशाला बसून पटकथेतली भोकं बुजवायची नाहीत.

घाटावरचा:
आडोसा? दादा, तोंड सांभाळून. लोकांना हे का आवडतं असं तुम्हीच काल विचारलं होतं. मी मला का आवडलं ते सांगितलं. तुमच्या तारखा-वारांचं उत्तर द्यायला मी आलो नाही.

टिकली:
दोघंही जरा दमानं घ्या.

शेवंती:
नाही, हे बोलायलाच हवं. हेमाडपंती, पडद्यावर काय आहे ते सांगा म्हणालात ना? पडद्यावर मियामिझूंचं, म्हणजे मित्सुहाच्या घराण्याचं देऊळ आहे. 200 वर्षांपूर्वीच्या आगीत त्याची कागदपत्रं जळाली. विधी टिकले, अर्थ गेला. आजी दोरी विणायला शिकवते, पण का विणायची हे तिलाही ठाऊक नाही. देवाची जागा डोंगरमाथ्यावरच्या खोलगट वाडग्यासारख्या जागेत, आत गुहेच्या छतावर धूमकेतूचं चित्र. म्हणजे हे पूर्वीही घडलंय आणि कोणीतरी पुढच्यांना सांगून ठेवलं होतं. सांगितलेलं हरवलं आणि लोक पुन्हा तिथेच राहिले. यात भोक कुठे आहे? हा कणा आहे. त्या दोघांचं प्रेम म्हणजे तो हरवलेला निरोप पुन्हा पोचवायचा मार्ग.

आणि निशीकासाईकर, तुमच्या मैत्रिणीच्या बोलण्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. तिला हा चित्रपट आवडावा असं मी म्हणणारही नाही. पण इतोमोरी वाचत नाही हो. माणसं वाचतात, गाव जातंच. शेवटी सगळे विखुरलेले, तोक्योत नोकऱ्या शोधणारे.

हेमाडपंती:
घाटावरचा, ‘आडोसा’ हा शब्द मागे घेतो, बाकीचं घेत नाही.

गुहेतल्या चित्राचा मुद्दा ठीक आहे. मी तो सजावट म्हणून सोडून दिला होता. तळहाताचा प्रसंगही जमलाय, तेवढं देतो. नाव विसरू नये म्हणून एकमेकांच्या हातावर लिहायचं ठरतं, मित्सुहा धावताना कोसळते, मूठ उघडते आणि तिथे नाव नसतं, ‘तू मला आवडतेस’ असं असतं. नाव कळत नाही, तरी ती उठून धावते. तिथे प्रेम आणि गाव एकत्र आलं. पण एका चांगल्या प्रसंगानं आधीचा गाण्यातला उरकलेला संसार माफ होत नाही. तारखांचं तर कोणी बोललंच नाही.

शेवंती:
जागं झालं की स्वप्नासारखं सगळं निसटतं, हे चित्रपटात पुन्हा पुन्हा येतं. तारीख दिसली असेल, राहिली नसेल. मला एवढं पुरतं.

हेमाडपंती:
मला नाही पुरत. आणि शेवटी त्या पायऱ्यांवर त्यांना भेटवायला नको होतं. आगगाड्या एकमेकींशेजारून जातात तिथेच संपवायचा.

निशीकासाईकर:
त्या पायऱ्या योत्सुयाच्या सुगा देवळाजवळच्या. अजूनही लोक फोटो काढायला रांग लावतात. शेवट तुम्ही म्हणता तसा असता तर कोणी फिरकलं नसतं.

घाटावरचा:
भेटले ते बरं झालं. कोणीतरी कोणाला सापडायला पाहिजे.

हेमाडपंती:
बरं. ‘सुझुमे’ या रविवारी बघतो. पटला नाही तर इथेच लिहीन.

शेवंती:
लिहा. पण फोनवर बघू नका, आणि भूकंपाचा अलार्म वाजतो तेव्हा आवाज कमी करू नका.