६००० च्या रॅमसाठी महागडा मदरबोर्ड घ्यावा का?

धागाकर्ता:
एएम५ वर (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं सॉकेट) मशीन जुळवणारे कित्येक जण 'रॅम ओव्हरक्लॉक करायचीय', म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जोरात पळवायचीय, म्हणून एक्स६७०ई या महागड्या चिपसेटचा बोर्ड घेतात. मला हे अजिबात पटत नाही. बी६५० काय, त्याहून स्वस्त ए६२० चिपसेटवरही रॅम ओव्हरक्लॉक होते. ए६२० वर बंद आहे ते प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग. रायझन ७००० प्रोसेसरचा रॅमसाठी अधिकृत वेग ५२०० (एमटी/से, म्हणजे सेकंदाला इतक्या दशलक्ष वेळा डेटाची देवाणघेवाण). ६००० ला मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) रॅमच्या बरोबरीने धावतो, पण ६४०० च्या पुढे बहुतेकांचा दम संपतो आणि तो निम्म्या वेगावर आणावा लागतो. हा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो, बोर्डावर नाही. वाचलेले पैसे रॅममध्ये घाला: सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला लावते तो उशीर; ६००० ला सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल४० म्हणजे १३.३.

प्रतिसाद १:
साफ असहमत. बोर्ड म्हणजे नुसता चिपसेट नव्हे. प्रोसेसरपासून स्लॉटपर्यंतच्या रेषा कशा आखल्यात, पीसीबी (बोर्डाची मूळ पाटी) किती थरांचा आहे, बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) किती नेटका आहे, या सगळ्याने फरक पडतो. माझ्या स्वस्त बोर्डावर एक्स्पो (रॅमचा वाढीव वेग बायॉसमधून एका झटक्यात लावणारी सोय) लावलं की आठवड्यातून एकदा तरी मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचं. तेच किट मित्राच्या बोर्डावर रात्रभर मेमटेस्ट या रॅमच्या चाचणीत एकही चूक न देता चाललं. शिवाय मला व्हिडिओ एडिटिंगसाठी चार स्टिक लागतात.

धागाकर्ता:
चार स्टिक लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो, बोर्ड कितीही भारी घ्या. ४८ जीबीच्या दोन घ्या, ९६ जीबी होतात. दोनच स्लॉटचा बोर्ड मिळाला तर उत्तम, रिकाम्या स्लॉटमुळे सिग्नल बिघडायचा प्रश्नच उरत नाही.

प्रतिसाद २:
पण एवढा आटापिटा कशासाठी? माझ्याकडे रायझन ७८००एक्स३डी आहे. ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) असल्याने गेममध्ये रॅमच्या वेगाचा फरक फारच थोडा पडतो. आणि रीस्टार्ट परवडला, तो निदान दिसतो! चुकीचा बिट गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसला तर? डीडीआर५ मधलं ऑन-डाय ईसीसी (चूक-दुरुस्तीची सोय) रॅम चिपच्या आतल्याच चुका सुधारतं, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेतल्या नाही. घरचे फोटो आणि हिशेब असलेल्या मशीनवर मी एक्स्पो लावणार नाही.

प्रतिसाद १:
तपासून घेतलं तर लावायला हरकत नाही. मात्र बायॉस अद्ययावत हवं. २०२३ मध्ये काही रायझन ७००० जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला मिळणारा व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा घातली, जुन्या बायॉसमध्ये ती नाही.

धागाकर्ता:
हे मान्य. पण मग तुमच्या स्वस्त बोर्डावर रीस्टार्ट व्हायचं तेव्हा बायॉस कोणतं होतं? आणि ते किट त्या बोर्डाच्या सुसंगत रॅमच्या यादीत होतं का?