मदत हवी आहे : सडबरी विद्यापीठ (कॅनडा) आणि सनद असूनही अडलेलं स्वातंत्र्य

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी ओंटारिओ प्रांतातल्या सडबरी विद्यापीठावर लेख लिहितेय. एका मुद्द्यावर अडलेय. कॅनडातल्या किंवा उच्चशिक्षणाच्या कारभारात मुरलेल्या कुणी मदत कराल का?

जेझुइट धर्मगुरूंनी १९१३ साली तिथे एक कॉलेज काढलं. आदल्याच वर्षी प्रांत सरकारने ‘सतरावा नियम’ आणून शाळांतलं फ्रेंच माध्यम पहिल्या दोन इयत्तांपुरतं आवळलं होतं, आणि तरीही १९१४ मध्ये या कॉलेजला पदवी देण्याच्या अधिकारासकट सनद मिळाली! १९५७ मध्ये त्याचं सडबरी विद्यापीठ झालं, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींतून शिकवणारं. १९६० मध्ये ते नव्या लॉरेन्शियन विद्यापीठाशी जोडलं गेलं, आणि पदव्या लॉरेन्शियनच्या नावाने निघू लागल्या. ओंटारिओतल्या फ्रेंच भाषकांचा हिरवा-पांढरा झेंडा २५ सप्टेंबर १९७५ रोजी पहिल्यांदा फडकला तोही याच आवारात. हे वाचलं आणि लेख लिहायचाच असं ठरवलं.

१ फेब्रुवारी २०२१ला लॉरेन्शियनने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. एप्रिलमध्ये ६९ अभ्यासक्रम बंद केले आणि जोडलेल्या संस्थांशी नातंही तोडलं. सडबरीने मग धर्मनिरपेक्ष आणि फक्त फ्रेंच विद्यापीठ व्हायचं ठरवलं. तिथला आदिवासी अभ्यासाचा विभाग कॅनडातल्या जुन्या विभागांपैकी एक होता. त्याची वाताहत मला फार लागली.

आता अडचण. आपल्याकडे कॉलेजला स्वतःची पदवी देता येत नाही म्हणून ते विद्यापीठाशी संलग्न होतं. इथे उलटं झालं, अधिकार असलेल्या संस्थेने तो बाजूला ठेवला. मग नातं तुटल्यावर १९१४ची सनद आपोआप जागी होते, की मंत्रालयाची वेगळी मंजुरी लागते? सडबरीला स्वतंत्र सरकारी अनुदान मिळालं नाही, आणि पुढे ओटावा विद्यापीठाशी करार करावा लागला. मात्र लॉरेन्शियनशीच संलग्न असलेलं हर्स्ट हे त्याहून लहान गावातलं फ्रेंच विद्यापीठ २०२२ मध्ये रीतसर स्वतंत्र झालं. हा फरक कायद्यातला, पैशाचा की राजकारणाचा?

२०२१ मध्ये तिथे शिकणारं कुणी ओळखीत असेल तर तेही सांगा. अर्धवट राहिलेल्या अभ्यासक्रमाचे क्रेडिट कुठे आणि कसे धरले गेले, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय. माझं फ्रेंच जेमतेम आहे, त्यामुळे इंग्रजी कागदपत्रं सुचवलीत तर फार बरं होईल.