वकिलांना पाठवलेली मेल तिसऱ्या कोणी वाचू नये म्हणून काय करायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझं माहेर वाई तालुक्यात, आणि वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून गेलं दीड वर्ष चुलतभावांशी वाद चालू आहे. मी राहते ठाण्यात, वकील साताऱ्याला, त्यामुळे सातबारा, जुने फेरफार, आत्याच्या हक्कसोड पत्राची झेरॉक्स, आमचं म्हणणं काय मांडायचं, सगळं मेलवरच चालतं. गेल्या महिन्यात तडजोडीसाठी बसलो तेव्हा समोरच्यांनी एक आकडा बोलून दाखवला. किती गुंठ्यांवर आम्ही शेवटी तयार होऊ तो आकडा, जो मी फक्त वकिलांना लिहिला होता. आईलासुद्धा सांगितला नव्हता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वकिलांवर माझा संशय नाही, ते वडिलांच्या वेळेपासूनचे आहेत.

ऑफिसातला एक मुलगा म्हणाला मेल एन्क्रिप्ट करा, पण म्हणजे नक्की काय ते त्यालाही सांगता येईना. दोघंही जीमेल वापरतो, माझ्याकडे लॅपटॉप आहे, फोन अँड्रॉइड. कॉम्प्युटरची भीती नाही, रोज टॅलीवर काम करते. जीमेलमध्ये ते कॉन्फिडेन्शियल मोडचं कुलूप दिसतं ते लावलं तर भागेल का?

रात्रपाळी

ताई, कॉन्फिडेन्शियल मोडने भागणार नाही हे आधी सांगतो. 2018 पासून ते आहे, त्याने समोरच्याला फॉरवर्ड, प्रिंट, डाउनलोड करता येत नाही आणि ठरलेल्या तारखेला मेल दिसेनाशी होते एवढंच. मजकूर सर्व्हरवर कंपनीला वाचता येईल असाच राहतो, आणि ज्याच्याकडे तुमचा किंवा वकिलांचा पासवर्ड आहे त्याला तो नेहमीसारखा दिसतो. स्क्रीनचा फोटो तर कोणीही काढेल.

मी दहा वर्षं मेल सर्व्हर सांभाळायचं काम करतोय म्हणून एक सांगतो, तुमच्या मेलला वाटेत कुलूप असतंच. जीमेल ते जीमेल जाताना आणि तुमच्या लॅपटॉपपासून सर्व्हरपर्यंत जाताना ती टीएलएसमधून, म्हणजे वाटेत मजकूर झाकणाऱ्या कुलूपबंद जोडणीतून जाते, केबल टॅप करून तुमचा आकडा कोणी वाचला असण्याची शक्यता मी धरतच नाही. मेल उघडी असते ती दोन टोकांना, तुमच्या खात्यात आणि वकिलांच्या खात्यात. घरातल्या वादात शंभरात नव्वद वेळा माणूस टोकावरच बसलेला असतो. त्यामुळे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय मजकूर वाचताच येणार नाही असं करणं, ते कराच, पण आज रात्री आधी हे बघा.

लॅपटॉपवर जीमेल उघडा, इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात डिटेल्स लिहिलंय, त्यावर दाबलं की कुठून कुठून खातं उघडलं गेलं ते दिसतं. मग सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा टॅब आणि फिल्टरचा टॅब, दोन्ही. तिथे तुम्ही न घातलेला पत्ता असेल तर काहीही डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, तो पुरावा आहे. मग गुगल अकाउंटच्या सिक्युरिटी पानावर डिव्हाइसेस आणि रिकव्हरी नंबर बघा. आणि आठवून सांगा, हे खातं मुळात कोणी काढून दिलं होतं?

जुना_लिनक्सवाला

वरचं आधी कराच. ते झालं की पीजीपीकडे या, म्हणजे मेलचा मजकूर कुलूपबंद करायच्या सॉफ्टवेअरकडे, कारण तुमच्यासारख्यांसाठीच ते बनलंय असं मला मनापासून वाटतं.

फिल झिमरमन नावाच्या अमेरिकन माणसाने 1991 मध्ये पीजीपी लिहिलं आणि फुकट वाटलं. ते देशाबाहेर पसरलं म्हणून सरकारने त्याची तीन वर्षं चौकशी केली, कारण तेव्हाच्या कायद्यात असं सॉफ्टवेअर शस्त्रांच्या यादीत मोडायचं. 1996 साली खटला न भरता ते प्रकरण बंद केलं. त्या मधल्या काळात त्याने सगळा सोर्स कोड एमआयटी प्रेसकडून पुस्तक म्हणून छापून घेतला, पुस्तक परदेशी न्यायला कोण अडवणार. आज आपल्याला हे फुकट मिळतंय त्यामागे एका माणसाने एवढं सोसलंय, म्हणून सांगितलं.

आता काम कसं चालतं. तुमच्या दोन किल्ल्या बनतात. एक पब्लिक की, ती कोणालाही द्या, तिने फक्त कुलूप लागतं. दुसरी प्रायव्हेट की, तिनेच कुलूप उघडतं आणि ती कधी कोणाला पाठवायची नाही. वकील तुमच्या पब्लिक कीने मेल बंद करतात, तुम्ही त्यांच्या. मधे गुगल असो की अजून कोणी, त्यांना फक्त अक्षरांचा चिवडा दिसतो.

पूर्वी हे फार किचकट होतं. 2012 च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारची पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्डला निनावी मेल करून पीजीपी बसवायला सांगितलं होतं, त्याला ते जमलं नाही आणि कित्येक आठवडे तसेच गेले. म्हणून कोणाला पहिल्या दिवशी जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. थंडरबर्ड हा लॅपटॉपवर मेल वाचायचा फुकट प्रोग्रॅम, 2020 मध्ये त्याच्या 78 व्या आवृत्तीत हे आतच आलं, वेगळं काही जोडावं लागत नाही. थंडरबर्ड टाका, जीमेल खातं जोडा, अकाउंट सेटिंग्जमध्ये एंड टू एंड एन्क्रिप्शन म्हणून भाग आहे तिथे अ‍ॅड की, नवीन ओपनपीजीपी की (पीजीपीचंच खुलं रूप) बनवा. आणि हे मात्र विसरू नका, थंडरबर्डला प्रायमरी पासवर्ड लावा, नाहीतर तुमचा लॅपटॉप ज्याच्या हातात त्याच्या हातात तुमची कीसुद्धा.

वकिलांची की मेलवर आली की लगेच विश्वास ठेवू नका, कोणी मधेच स्वतःची की पाठवली तर? प्रत्येक कीचा चाळीस अक्षरांचा फिंगरप्रिंट असतो, फोन लावा आणि एकमेकांना वाचून दाखवा. आवाज ओळखीचा, अक्षरं जुळली, मग स्वीकारा.

मर्यादाही सांगतो. कोणी कोणाला किती वाजता मेल केली हे लपत नाही. विषयाची ओळ थंडरबर्ड आत झाकतो, बाहेर नुसते तीन ठिपके दिसतात, पण दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ती उघडी राहू शकते, तेव्हा विषयात गट नंबर वगैरे लिहू नका. आणि आधी गेलेल्या मेल्स आपोआप बंद होत नाहीत, त्या होत्या तशाच उघड्या.

टोकनवाला_सीए

वकीलसाहेब थंडरबर्ड टाकायला तयार होतील का हा खरा प्रश्न. माझ्या अनुभवात वय साठच्या पुढे असेल तर लोक म्हणतात माझ्याकडे डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, आहे की, ते सुरक्षितच आहे. तर डीएससीने मेलवर सही होते, म्हणजे मेल त्यांनीच लिहिली आणि मधे बदलली नाही एवढं सिद्ध होतं, मजकूर झाकला जात नाही. झाकायला वेगळं एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट लागतं, ई टेंडर भरणारे लोक घेतात ते. एसमाइम नावाच्या, सर्टिफिकेटवर चालणाऱ्या पद्धतीने त्यातून मेल बंद करता येते, पण ते तुम्हालाही लागेल आणि पैसे पडतात.

तोपर्यंत सोपा उपाय. मजकूर वर्डमध्ये लिहा, कागद स्कॅन करा, सगळं सेव्हन झिपमध्ये (फाइली एकत्र बांधायचा फुकट प्रोग्रॅम) टाकून सेव्हन झेड फॉरमॅट निवडा, पासवर्ड घाला आणि फाइलची नावं एन्क्रिप्ट करायच्या चौकोनात टिक करा. साध्या झिपमध्ये पासवर्ड असला तरी आतल्या फाइलचं नाव बाहेरून दिसतं, हक्कसोड पत्र एवढं नाव दिसलं तरी समोरच्याला पुरे. आत एईएस 256 नावाचं मजबूत कुलूप असतं, पासवर्ड चांगला असेल तर ते कोणी फोडत बसत नाही.

पासवर्ड चांगला म्हणजे काय ते मात्र नीट ऐका. आपल्याला सवय लागलीये आधारच्या पीडीएफची, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, किंवा इन्कमटॅक्सची, पॅन आणि पुढे जन्मतारीख. परक्या माणसापासून ते थोडंफार वाचवतं, पण तुमचा वाद भावकीत आहे, तुमचं जन्मसाल काय पॅनसुद्धा जुन्या कागदांवर त्यांच्याकडे असेल. एकमेकांशी संबंध नसलेले पाचसहा मराठी शब्द इंग्रजी अक्षरात घ्या, आणि तो पासवर्ड फोनवर सांगा. पुढच्याच मेलमध्ये पासवर्ड पाठवणारे लोक मी रोज बघतो, ज्याच्याकडे इनबॉक्स आहे त्याला कुलूप आणि किल्ली दोन्ही दिल्यासारखं आहे ते.

अबोली

पीजीपी करा पण माझी गोष्ट वाचून करा. मी आणि माझी मैत्रीण दोन वर्षं पीजीपीवर लिहायचो, तिच्या आजारपणाचं सगळं त्यात होतं, डॉक्टर काय म्हणाले, तिला रात्री काय वाटतं, मुलीबद्दल काय वाटतं. माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. दुकानदाराने नवीन टाकून दिली, मी जीमेल उघडलं, सगळ्या मेल्स जागेवर होत्या, शेकडो, आणि प्रत्येकीत एन्क्रिप्टेड नावाची एक छोटी अटॅचमेंट आणि बाकी कोरं. की फक्त त्या डिस्कवर होती. मैत्रीण त्याआधीच गेली होती, तिच्या घरच्यांनी तिचा लॅपटॉप पुसून कोणाला तरी देऊन टाकलेला. त्या मेल्स अजून माझ्याकडे आहेत. मी त्या वाचू शकत नाही आणि जगात दुसरं कोणीच वाचू शकत नाही.

की बनवल्या दिवशीच थंडरबर्डच्या की मॅनेजरमधून सीक्रेट कीचा बॅकअप काढा, पेनड्राइव्ह दोन, जागा दोन. उद्या करू म्हणू नका, प्लीज.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोनपर्यंत बसले होते.

रात्रपाळी, तुम्ही विचारलंत खातं कोणी काढून दिलं. चार वर्षांपूर्वी गावच्या जत्रेला गेलो तेव्हा मी नवीन फोन घेतला होता, तो चुलतभावाच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्यानेच, सेट करून दिला. रिकव्हरी नंबर अजून त्याचाच होता. आणि फिल्टरमध्ये एक ओळ सापडली, वकिलांच्या पत्त्यावरून आलेली प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर फॉरवर्ड. मला आधी कळेना, आकडा तर मी लिहिला होता, म्हणजे गेलेल्या मेलमध्ये, फिल्टर तर येणाऱ्या मेलवर आहे. मग वकीलसाहेबांचं उत्तर उघडलं. त्यांनी वर लिहिलंय, ठीक आहे, बघतो. आणि खाली माझी अख्खी मेल जशीच्या तशी.

त्या पोराला मी कडेवर घेऊन फिरवलंय. त्याच्या बारावीच्या क्लासची अर्धी फी मी भरली होती. बराच वेळ नुसती बसून राहिले.

रात्रपाळी

ताई, वाचून फार वाईट वाटलं. स्क्रीनशॉट काढलेत ना? वकिलांना प्रत्यक्ष भेटून द्या, मेलवर नको. दुसऱ्याचा पासवर्ड असा वापरणं आयटी कायद्याच्या 66 सी कलमात बसतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तक्रार करायची की नाही ते तुमच्या घरचं, तुम्ही आणि वकील ठरवा, पण पुरावा आज जपून ठेवा. मग फिल्टर काढा, रिकव्हरी नंबर स्वतःचा घाला, पासवर्ड बदला, टू स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खात्री) चालू करा, आणि हे सगळं त्या फोनवरून नको, लॅपटॉपवरून. फोन एकदा पूर्ण रीसेट मारून घ्या, त्यात अजून काय टाकलंय सांगता येत नाही. वकीलसाहेबांचं खातंही कोणाकडून तरी तपासून घ्यायला सांगा.

कृष्णाकाठ

शनिवारी साताऱ्याला जाऊन आले. स्क्रीनशॉट प्रिंट काढून दिले, वकीलसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले ते थंडरबर्ड काय आहे ते दाखव. त्यांच्या ज्युनियरने आणि मी मिळून अर्ध्या तासात बसवलं, फोन रीसेट झाला, पासवर्ड बदलला. फिंगरप्रिंट तिथे समोरासमोरच जुळवता आला असता, पण साहेब म्हणाले घरी जाऊन फोनवर कर, मला सवय होऊ दे. रविवारी सकाळी चार चार अक्षरांचे दहा गट त्यांनी वाचले आणि मी पेन्सिलीने टिक करत गेले, बी आणि डी मध्ये एकदा गडबड झाली म्हणून बी बटाट्याचा, डी डब्याचा असं करत पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

पहिली बंद मेल मी पाठवली ती फक्त, वाचता येतेय का. त्यांचं उत्तर आलं, येतेय. मुद्दाम मोबाईलवर जीमेलमध्ये उघडून बघितली, विषयाच्या जागी तीन ठिपके आणि आत काहीच नाही. नवीन आकडा आता त्यातून जाईल.

अबोली

छान झालं ताई. पेनड्राइव्ह?

कृष्णाकाठ

दोन केले. एक माझ्या बँकेच्या लॉकरमध्ये, आणि दुसरा आईच्या कपाटात, वडिलांच्या चष्म्याच्या डबीत. आईला सांगितलंय की हा कोणालाही द्यायचा नाही, मीच घरातला अमुक म्हणून कोणी मागितला तरी नाही. ती म्हणाली, जमिनीचे मूळ कागद पण तिथेच ठेवलेत, तोही तिथेच राहू दे.