इंदुल्तो आणि अम्निस्तिया: दोन्ही ‘माफी’च?

काथ्याकूट: स्पॅनिशच्या भाषांतरात अडलंय. स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या १ ऑक्टोबर २०१७ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतापायी ९ नेत्यांना २०१९ मध्ये ९ ते १३ वर्षांची कैद झाली. २०२१ मध्ये त्यांना ‘इंदुल्तो’, २०२४ मध्ये ‘अम्निस्तिया’चा कायदा. दोन्हीकडे ‘माफी’ लिहिलं तर ‘माफी मिळालेल्यांना माफी’ असं होतं.

नीरक्षीर: पहिली ‘शिक्षामाफी’. उरलेली कैद गेली, पण गुन्हा कायम आणि सार्वजनिक पदांवरची बंदीही कायम. दुसऱ्यात गुन्हाच पुसला जातो. निकाल न लागलेल्यांनाही फायदा. ती ‘सर्वमाफी’.

शुद्धमती: ‘माफी’ मुळात अरबी. ‘अभय’ असताना कशाला? आपल्या पालिका ‘अभय योजना’ काढतातच की.

नीरक्षीर: त्या योजनेत थकलेला मूळ कर भरावाच लागतो, सूट मिळते ती दंड-व्याजात.

टोपीवाला: मग शब्द चपखल आहे! सार्वमत घेणारे कॅटलोनियाचे तेव्हाचे अध्यक्ष पुजदेमोन यांचं घोडं पैशापाशीच पेंड खातंय. सार्वमतावर सरकारी पैसा उधळल्याचा गुन्हा स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अम्निस्तियाच्या कायद्याबाहेर ठेवला. स्वतःच्या खिशाला चाट बसली नाही, हाच म्हणे त्या कायद्याला न चालणारा ‘वैयक्तिक लाभ’.

मोडीलिपी: शुद्धमती, अरबी नको तर सार्वमतासाठीचा ‘जनमत कौल’ही सोडा. कौल अरबीच. मराठेशाहीत कौल म्हणजे अभयाचं लेखी वचन. परागंदा रयतेला कौल देऊन परत वसवत. म्हणजे अम्निस्तियाला ‘कौल’ म्हटलं तरी चालेल.

शुद्धमती: आणि वाचक मतदान समजतील! गोव्यातला १९६७ चा कौल आठवेल.

टोपीवाला: गोव्यात कौल आधी देवाला लावतात, मग सरकारला. १६ जानेवारीला फुलाला (महाराष्ट्रात विलीनीकरण) १,३८,१७० आणि दोन पानांना (केंद्रशासित) १,७२,१९१ मतं. ‘सार्वमत’ शब्द मुद्दाम टाळला, कारण भारताच्या घटनेत तशी सोयच नाही. तरी त्यासाठी संसदेने कायदा केला होता. कॅटलोनियाचं मतदान मात्र स्पेनच्या घटना न्यायालयाने आधीच स्थगित केलेलं. मग ते सार्वमत कसं?

काथ्याकूट: मतपेट्या होत्या, मोजणी झाली, ९० टक्के ‘हो’.

टोपीवाला: ४३ टक्क्यांतले ९०. विरोधक फिरकलेच नाहीत.

मोडीलिपी: कमी मतदानाने निवडणुकीचं नाव बदलतं का? ‘अवैध सार्वमत’ लिहा.

शुद्धमती: ‘अवैध’ की ‘बेकायदा’? ‘बे’ फारसी, ‘कायदा’ अरबी, एवढंच सांगते.