सिंगापूर २०२३: साइन्झनं नॉरिसला मुद्दाम जवळ ठेवलं, हे नक्की जमलं कसं?

गोदाकाठ_रेसर
मंडळी, मी एफ-वन (फॉर्म्युला वन गाड्यांच्या रेस) बघायला लागले २०२४ पासून, त्यामुळे जुन्या रेस आता एकेक करून बघतेय. परवा दादासोबत सिंगापूर २०२३ बघितली. शेवटचे चार लॅप आम्ही दोघं उभ्यानं बघितले, आई जेवायला हाका मारत होती पण कुणी हललं नाही.

तर प्रश्न असा. पुढे फेरारीचा साइन्झ, मागे मॅक्लारेनचा नॉरिस, त्याच्या मागे मर्सिडीजचे रसेल आणि हॅमिल्टन नव्या टायरवर सुसाट येतायत. अशा वेळी पुढचा माणूस जीव तोडून पळेल ना? हा उलट पाय काढतो, नॉरिसला एका सेकंदाच्या आत येऊ देतो, आणि इंजिनियर रेडिओवर सांगतो की नॉरिसला डीआरएस (मागची विंग उघडून वेग वाढवायची सोय) मिळतंय तर म्हणतो मुद्दामच करतोय. दादाचं म्हणणं हे निव्वळ नशीब, नॉरिसनं एकदा नाक घातलं असतं तर सगळं मुसळ केरात. मला तसं वाटत नाही पण त्याला पटवून देता येईना. कोणी नीट समजावून सांगेल का?

अ‍ॅपेक्स_सांगली
ताई नशीब अजिबात नाही, माझ्या मते त्या अख्ख्या सीझनमधलं सगळ्यात डोकेबाज ड्रायव्हिंग होतं ते. जरा सुरुवातीपासून सांगतो कारण शेवटचे चार लॅप एकटे बघून ते कळत नाही.

साइन्झ पोलवर होता (म्हणजे सुरुवात सगळ्यात पुढून), मीडियम टायर. फेरारीनं आपल्या दुसऱ्या ड्रायव्हरला, लक्लेरला, मुद्दाम सॉफ्टवर (जास्त पकड, पण लवकर झिजणारे) सोडलं, त्यानं पहिल्याच वळणाआधी रसेलला मागे टाकलं आणि साइन्झच्या मागे ढाल बनून राहिला. मग साइन्झनं काय केलं, तर गाडीत असलेला वेग वापरलाच नाही. आरामात चालवली. घाटात पुढे भरलेला ट्रक असला की मागे कितीही नवी कोरी गाडी असू दे, तिला ट्रकच्याच चालीनं जावं लागतं, तसं. सगळी रांग एकमेकांना चिकटून राहिली की मधे मोकळी जागाच उरत नाही, आणि मोकळी जागा नाही म्हणजे मागच्याला लवकर पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) जाऊन फायदा उचलता येत नाही, कारण तो बाहेर येणार तो थेट गर्दीत. टायरपण वाचतात. २०व्या लॅपला विल्यम्स टीमच्या सार्जंटच्या गाडीचे तुकडे ट्रॅकवर पडले, सेफ्टी कार आली (सगळ्यांनी तिच्या मागे हळू चालायचं), पुढच्या सगळ्यांनी हार्ड म्हणजे जास्त टिकणारे टायर घातले. त्यात लक्लेरला मागच्या गाड्या जाईपर्यंत पिटमध्ये थांबायला लागलं आणि ती ढाल तिथेच गेली.

आता ४४वा लॅप. ओकॉनची गाडी बंद पडली, व्हर्च्युअल सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना जागच्या जागी वेग कमी करायचा हुकूम, त्यामुळे पिटमध्ये जाण्यात कमी वेळ वाया जातो. मर्सिडीजनं एक नवा मीडियम सेट राखून ठेवला होता, दोन्ही गाड्या आत घेतल्या. १८ लॅप बाकी, समोर तिघेही जुन्या हार्डवर. लक्लेरला तर त्यांनी सहज ओलांडलं. मग राहिले नॉरिस आणि साइन्झ.

इथे खरी गंमत आहे. डीआरएसचा तेव्हाचा नियम सोपा, ठरलेल्या रेषेवर पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलात तर सरळ रस्त्यावर मागच्या विंगची फळी उघडता यायची, हवेचा अडथळा कमी व्हायचा, वेग वाढायचा. रसेलला ते मिळणारच होतं कारण तो नॉरिसच्या मागे होता. पण नॉरिसला साइन्झमुळे तेच मिळालं तर दोघांचाही वेग वाढतो आणि रसेलचा फायदा शून्य! साइन्झ पुढे पळून गेला असता तर नॉरिस उघडा पडला असता, रसेलनं एक-दोन लॅपमध्ये त्याला गिळलं असतं आणि पुढचा नंबर साइन्झचाच होता. म्हणून त्यानं आपल्या मागच्या शत्रूलाच कुंपण केलं.

तिसरा_गियर
सांगलीकर तुमचं बरोबर आहे पण ताईंच्या दादाचा मुद्दा एवढा सहज उडवू नका. एका सेकंदाच्या आत माणूस ठेवायचा म्हणजे साइन्झला एकाही वळणावर चाक लॉक करायची (ब्रेक जोरात लागून चाक अडकून घसरायची) मुभा नव्हती. एक चूक आणि नॉरिस बाजूला, आणि रस्त्यावरच्या ट्रॅकला चूक झाली तर पसरायला माती नाही, थेट भिंत. आणि ५९व्या लॅपला रसेल नॉरिसच्या अंगावर आला तेव्हा नॉरिस बचाव करता करता मागे पडला, डीआरएस सुटायची वेळ आली. तेव्हा साइन्झ परत हळू झाला आणि त्याला जवळ ओढून घेतलं, हे मला आजही बघवत नाही इतकं टेन्शन येतं. तो सगळी रेस जिंकत होता हो, आणि हातातलं अंतर स्वतःहून सोडत होता.

अ‍ॅपेक्स_सांगली
मान्य, धोका होताच. पण नॉरिसच्या बाजूनं बघा ना. त्याचे टायर साइन्झच्याच वयाचे, दोघांनी एकाच सेफ्टी कारला बदललेले. पुढच्या गाडीच्या गढूळ हवेत राहून टायर तापतात ते वेगळंच. त्यानं साइन्झवर हल्ला केला असता आणि फसला असता तर वळणातून बाहेर पडताना वेग गेला असता आणि रसेल-हॅमिल्टन दोघंही त्याच्यावरून गेले असते. म्हणजे नॉरिसलाही हेच हवं होतं. दोघं २०१९ आणि २०२० मॅक्लारेनमध्ये एकत्र होते, एकमेकांचं डोकं कसं चालतं हे दोघांना पक्कं माहीत. साइन्झनं भरवसा नॉरिसच्या मैत्रीवर नाही ठेवला, त्याच्या हिशेबावर ठेवला.

पूर्वेचा_वारा
मी सिंगापूरला असते आणि त्या रात्री आम्ही चौघं ट्रॅकलगतच्या पदांग मैदानाजवळ उभ्याच्या तिकिटावर होतो. परवा दिवशी गणपती बसणार होते (१७ सप्टेंबरला रेस, १९ला चतुर्थी), घरी मखर अर्धवट टाकून आलेलो. रात्रीचे आठ वाजून गेले तरी इतका दमट उकाडा की नुसतं उभं राहून शर्ट पाठीला चिकटतो, आणि ही माणसं त्या गाडीत पावणेदोन तास. घामावाटे दोन-तीन किलो वजन जातं म्हणतात ते तिथं उभं राहिल्यावर पटतं.

एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही ती सांगते. जाळीच्या इतकं जवळ उभं असलं की गाड्या दिसतात त्या अर्धा सेकंद, पण त्या अर्ध्या सेकंदातही दिसत होतं की चारही गाड्या एकाच दोरीत ओवल्यासारख्या जातायत. एक, दोन, तीन, चार आणि मग शांतता. दर लॅपला आम्ही मधलं अंतर कानानं मोजत होतो. शेवटच्या लॅपला मोजायला लागलो तर तीनच आल्या. आजूबाजूच्या लोकांनी डोक्याला हात लावले, मग मोठ्या स्क्रीनवर दिसलं की रसेल १०व्या वळणावर भिंतीला लागून सरळ आत घुसला. नंतर रिप्लेमध्ये कळलं नॉरिसची गाडीही तिथेच, त्याच भिंतीला जरा घासून गेली होती. तो निसटला, रसेल नाही. मी मर्सिडीजवाली आहे, मला रसेलसाठी फार वाईट वाटलं, इतका सुंदर पाठलाग करून शेवटी हातात काही नाही.

जुना_पंखा_पुणे
तुम्हा सगळ्यांचं वाचून मोनॅको १९९२ची रेस आठवली. नायजेल मॅन्सेलनं त्या वर्षीच्या पहिल्या पाचही रेस जिंकलेल्या आणि इथेही पुढेच होता, शेवटी शेवटी चाकाचा नट सैल झाल्यासारखं वाटलं म्हणून पिटला आला. बाहेर आला तर आयर्टन सेना पुढे, जुन्या टायरवर. मॅन्सेल नव्या टायरवर लॅप रेकॉर्ड मोडत आला, शेवटचे लॅप तर डावीकडून उजवीकडून नुसता डोकावत होता, पण सेनानं गाडी अशी ठेवली की जायला फट नाही. ०.२१५ सेकंदानं सेना जिंकला.

फरक असा की सेना एकटा होता, मागे फक्त एकच शत्रू आणि मोनॅकोचा अरुंद रस्ता त्याच्या बाजूनं. सिंगापूर त्या मानानं रुंद, सरळ रस्ते लांब, तिथं नुसती गाडी आडवी घालून भागलं नसतं. म्हणून साइन्झचं मला जास्त कौतुक वाटतं. आणि मी सेनाचा भक्त आहे, हे लिहिताना हात जड होतोय.

हुसेनसागर_फेरी
काका मस्त लिहिलंत. मी सोलापूरहून हैदराबादला फॉर्म्युला-ई (विजेवरच्या गाड्यांची रेस) बघायला गेलो होतो, ११ फेब्रुवारी २०२३, हुसेन सागरच्या काठचा रस्ता. तिथं गणित अजून वेगळं. डीआरएस नाहीच, बॅटरीतली वीज हीच सगळी पुंजी. पुढे राहणारा हवा कापतो म्हणून त्याची वीज जास्त जाते आणि मागचा त्याच्या आडोशानं वाचवत येतो, त्यामुळे पुढे असणं हे ओझं. शेवटी व्हर्न पुढे होता, मागे कॅसिडी आणि कॅसिडीकडे वीज जास्त शिल्लक. व्हर्ननं वळणं अशी धरली की कॅसिडीला ती जास्तीची वीज वापरायला जागाच मिळाली नाही. आणि त्याच रेसमध्ये पोलवाल्या एव्हान्सला त्याच्याच जॅग्वार टीममधल्या बर्डनं हेअरपिनवर (एकदम मागे फिरणाऱ्या वळणावर) ठोकलं, दोन्ही गाड्या गेल्या. टाटांची टीम, भारतातली रेस, स्टँडमध्ये एकदम सन्नाटा झाला होता.

गोदाकाठ_रेसर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दादाला बसवलं आणि ५९व्या लॅपपासून परत लावली, या वेळी साइन्झकडे न बघता फक्त नॉरिसच्या मागच्या विंगकडे बघायचं असं ठरवून. दर सरळ रस्त्यावर नॉरिसची फळी उघडते, मागोमाग रसेलची उघडते, आणि मधलं अंतर जिथल्या तिथं. दादा दोन लॅप काही बोलला नाही, मग म्हणाला मागे घे, परत बघू. शेवटी ०.८१२ सेकंदानं साइन्झ जिंकला, म्हणजे रेषा ओलांडतानाही नॉरिस त्या एका सेकंदाच्या आतच होता. आणि त्या सीझनला रेडबुल टीमनं २२ पैकी २१ रेस जिंकल्या, सुटली ती एवढीच, हे मला आत्ता कळलं. काका, आता आज रात्री मोनॅको १९९२ लावतोय.