स्क्रॅप मिटले, पण सगळे नाही

ऑर्कुट का बंद पडलं, या इथल्या चर्चेत ‘फेसबुक आलं आणि ऑर्कुट संपलं’ असं आलंय, ते मला अर्धंच पटतं. ऑर्कुट ही गूगलची, फेसबुकसारखीच सोशल साइट. दोन्ही २००४ चीच, ऑर्कुट जानेवारीत आणि फेसबुक फेब्रुवारीत. फेसबुक सर्वांसाठी खुलं झालं सप्टेंबर २००६ मध्ये, आणि त्यानंतरही आपल्याकडे काही वर्षं ऑर्कुटच जोरात होतं. मग फरक कुठे पडला? ऑर्कुटवर एकेकाच्या स्क्रॅपबुकात, म्हणजे इतरांनी त्याला लिहिलेल्या निरोपांच्या (स्क्रॅपच्या) पानावर, जाऊन डोकवावं लागे. फेसबुकच्या न्यूज फीडमध्ये सगळ्यांचं सगळं आयतं समोर यायचं. त्या सवयीपुढे ऑर्कुट टिकलं नाही.

एक गोष्ट मात्र इथे कोणीच लिहिली नाही. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, तरी गूगल टेकआउट या आपली माहिती काढून घेण्याच्या सोयीतून आपलं खातं उतरवून घ्यायला २०१६ पर्यंत मुभा होती. मी घेतलं, केवळ बाबांच्या स्क्रॅपसाठी. मी नोकरीला पुण्यात, ते इंदूरला रामबागेत. एका बोटाने रोमन लिपीत टाइप करायचे: ‘पाऊस लागला. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ला. तू हवी होतीस.’ बाबा आता नाहीत. ती फाइल मी तीन ठिकाणी जपून ठेवली आहे.