अनुभव धागा: "व्हेंटिलेटर लावायचा का?" असं विचारलं तेव्हा

गेल्या महिन्यात मिरजेत मावशीच्या आयसीयूबाहेर उभी होते. डॉक्टर येऊन म्हणाले, "नळी घालायची का? लवकर सांगा." मामा म्हणाले घाला, भाऊ म्हणाला नको, मी दारातल्या चपलांच्या ढिगाकडे बघत राहिले. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये इस्पितळ काढलं तेव्हापासून मिरजेला लांबलांबून पेशंट येतात. तेव्हा या दारात उभे राहिलेले इथे पुष्कळ असणार. तुम्ही काय केलंत, ते लिहा. सल्ले नकोत.

*

आबा, वय 81, तासगाव. मेंदूत रक्तस्राव. अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता गळ्याला छेद देऊन नळी टाकावी लागेल. मी आत गेलो. नळी ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं बँडेजनं कॉटला बांधलेली. चाळीस वर्षं द्राक्षबाग छाटलेले हात ते. बाहेर येऊन "आमच्या रिस्कवर घरी नेतो" अशी सही केली. अँब्युलन्समधला पोरगा तासगावपर्यंत हातानं श्वासाचा फुगा दाबत आला. अंगणात उतरवल्यावर हळूच म्हणाला, "दादा, आता थांबू का?" कुणीच बोलेना. शेवटी आईनं मान हलवली. बहीण अजून म्हणते, चार दिवस बघायला हवं होतं. असेलही.

*

उलटं पण लिहिते. 2021, कोविड. नवरा 54 वर्षांचा. सासरचे म्हणत होते, आत गेलेला माणूस परत येत नाही. मी भांडून व्हेंटिलेटर लावायला लावला. 19 दिवसांनी घरी आले. काल मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गेले होते. त्यामुळे सरसकट "नको" म्हणू नका.

*

मी आयसीयूत सिस्टर आहे. इंजेक्शन देऊन मरण आणणं आपल्याकडे गुन्हाच आहे. निरुपयोगी ठरलेले उपचार थांबवायला मात्र सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये परवानगी दिली, 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली. तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं बघतात. हे नातेवाइकांना सांगायला कुणाला वेळ नसतो, म्हणून सगळे रिस्कवरच नेतात.

*

आईला जठराचा कॅन्सर, विट्याला घरीच ठेवलं. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी, सोबत पोट साफ व्हायचं औषध. काकू म्हणाल्या, "व्यसन लागंल." महिनाभराच्या सोबतीला कसलं व्यसन! शेवटी तिचं खाणं सुटलं. नाकातून नळी नको, असं डॉक्टरांनीच समजावलं. त्या अवस्थेत शरीरच अन्न घेत नाही. मी आंबिलीत बोट बुडवून तिचे ओठ ओले करायचे. थोरला भाऊ म्हणाला, "आईला उपाशी मारलीस." तीन दिवाळ्या झाल्या, त्याचा फोन नाही.

*

शेवटी कोणते उपचार नकोत, ते आमच्या वडिलांनी लिहून ठेवलं होतं. नोटरी, दोन साक्षीदार, सगळं रीतसर. कागद बँकेच्या लॉकरमध्ये! तेराव्यानंतर सापडला. "व्हेंटिलेटर नको" याखाली पेनानं दोनदा रेघ मारली होती. आम्ही सहा दिवस लावला होता.

*

वरच्यांना विचारतो: साक्षीदार घरचा चालतो का?

*

शक्यतो त्रयस्थ असावेत. आणि एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या, लॉकरमध्ये नको.